छपरावरचे पाणी : मालकी आणि अमानत

मृगाचा पहिला पाऊस बालाघाटच्या डोंगरावर उतरतो तेव्हा लिंबागणेशसारख्या गावात घराघरांतून एकच धांदल उडते. पत्र्याच्या कडेखाली घागरी, बादल्या, पातेली, हाताशी येईल ते भांडे मांडले जाते. जुन्या माळवदाच्या पन्हळीतून गढूळ धार पडते, नव्या स्लॅबच्या पाइपातून नितळ. घटकाभर पागोळ्या गळतात, भांडी भरून वाहू लागतात आणि उरलेले पाणी गल्लीतून ओढ्याकडे निघून जाते. वैशाखात ज्या पाण्यासाठी टँकरच्या मागे धावावे लागते, तेच पाणी ज्येष्ठात आपल्याच छपरावरून, आपल्या डोळ्यांदेखत वाहून जाते.

अलीकडे गावोगावी काही कुटुंबे शहाणी झाली आहेत. स्लॅबच्या कोपऱ्याला पाइप जोडून ती हे पाणी टाकीत घेतात आणि त्यावर घरामागची परसबाग जगवतात. लिंबाचे एक झाड, शेवगा, कढीपत्ता, दोन सीताफळे, वेलावरचे दोडके आणि मुलींनी हौसेने लावलेला मोगरा. हे काम चांगले आहे याबद्दल दुमत नाही. परंतु टाकी भरली की तिच्याबरोबर एक प्रश्नही घरात येतो. या टाकीतले पाणी कोणाचे?

प्रश्न वरवर पाहता अनाठायी वाटेल. छप्पर माझे, पाइप माझा, टाकी माझी, खर्च माझा, तेव्हा पाणीही माझेच. पण हाच प्रश्न वैशाखात विचारून पाहा. टाकीत दोन-तीनशे लिटर पाणी उरले आहे. लिंबाचे झाड तिसऱ्या वर्षात आले असून यंदा प्रथमच त्याला फळ धरले आहे. टँकर चार दिवस आलेला नाही. अशा वेळी शेजारची बाई रिकामा हंडा घेऊन दारात उभी राहते. आता त्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा? झाडाचा, आपल्या घराचा, की दारातल्या हंड्याचा? या प्रश्नाचे उत्तर आपण कसे देतो, यावर आपल्या ईमानाची बरीच पारख अवलंबून आहे.

थेंबांचा हिशेब

प्रथम हे पाणी किती असते ते पाहू, कारण मोजमापाशिवाय केलेली नैतिक चर्चा हवेत राहते. बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला सुमारे साडेसहाशे मिलिमीटर. तेही दरवर्षी पडेलच असे नाही, आणि पडले तरी बेताच्या दिवसांत पडून जाते. जमिनीखाली काळ्या बेसाल्टचा थर आहे. त्यात पाणी मुरते कमी आणि वाहून जाते अधिक. मांजरा नदी याच बालाघाटात, पाटोदा तालुक्यात उगम पावते, तरी तिच्या उगमाच्या मुलखालाच उन्हाळ्यात तहान लागते. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही.

आता एका साध्या घराचा विचार करू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होते. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद छप्पर म्हणजे पन्नास चौरस मीटर. साडेसहाशे मिलिमीटर पावसात त्यावर साडेबत्तीस हजार लिटर पाणी पडते. उडालेले, सांडलेले आणि पहिल्या पावसात छप्पर धुण्यासाठी सोडून दिलेले पाणी वजा केले, तरी सव्वीस हजार लिटर हाती येऊ शकते. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर सतराशेहून अधिक हंडे. दुष्काळी गावात सतराशे हंडे पाणी डोक्यावरून वाहणे म्हणजे काय, हे आपल्या आयाबहिणींना विचारावे. एवढे पाणी कोणाच्या श्रमाविना आपल्या छपरावर येऊन पडते. मग त्यावर हक्क सांगण्यापूर्वी ते पाठवले कोणी, हे विचारणे ओघानेच येते.

तुम्ही त्याचे खजिनदार नव्हे

पवित्र कुरआनात पाण्याचा उल्लेख वारंवार येतो. सूरह अल-वाकिआमध्ये अल्लाह माणसाला विचारतो की, जे पाणी तुम्ही पिता ते ढगांतून तुम्ही उतरवले की आम्ही? आमची इच्छा असती तर ते आम्ही खारट करून टाकले असते, मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही? (५६:६८-७०). सूरह अल-मुमिनूनमध्ये म्हटले आहे की, अल्लाहने आकाशातून ठरावीक मापाने पाणी उतरवले, ते जमिनीत साठवून ठेवले आणि ते काढून घेण्यासही तो समर्थ आहे (२३:१८). सूरह अल-मुल्कची शेवटची आयत तर बोअरवेलच्या काठावर उभे राहून वाचावी अशी आहे. तुमचे पाणी जमिनीत खोल गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा तिचा आशय आहे (६७:३०).

आपल्या विषयाशी सर्वांत जवळची आयत मात्र सूरह अल-हिज्रमध्ये आहे. वाऱ्यांना फलदायी करून पाठवणारा आणि आकाशातून पाणी उतरवून ते तुम्हाला पाजणारा अल्लाह आहे, हे सांगितल्यावर तिथे एक छोटेसे वाक्य येते. तुम्ही त्याचे साठा करणारे नाही, असा त्याचा भाव आहे (१५:२२). मूळ शब्द आहे ‘खाज़िनीन’. याच धातूपासून ‘खजिना’ आणि ‘खजिनदार’ हे आपल्या मराठीत रुळलेले शब्द आले.

मग पाणी साठवणे या आयतीविरुद्ध आहे काय? तसे मुळीच नाही. ह. यूसुफ (अलै.) यांनी सात सुकाळी वर्षांचे धान्य सात दुष्काळी वर्षांसाठी राखून ठेवण्याचा सल्ला दिला, आणि कुरआनाने तो दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची बेगमी राखल्याचे हदीसमध्ये आले आहे (बुखारी). उंटाला आधी बांधावे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण तर सर्वश्रुत आहे (तिर्मिजी). तवक्कुल म्हणजे हात बांधून आभाळाकडे पाहणे नव्हे. पावसाळ्यात पाणी अडवले नाही आणि उन्हाळ्यात दुआ मागितली, तर ती दुआ चुकीची ठरत नाही, पण माणसाने आपले कर्तव्य टाळलेले असते.

तेव्हा ही आयत साठवण्याला मनाई करत नाही. साठवणाऱ्याच्या मनात जो एक समज हळूच शिरतो, त्याला ती हात घालते. टाकी भरली की माणसाला वाटते, आता आपण निश्चिंत झालो, आता हे आपले. आयत सांगते की खजिना ज्याचा आहे त्याचाच आहे, तुझ्याकडे फक्त किल्ली आहे. किल्ली हाती असलेल्याला इस्लामी परिभाषेत अमीन म्हणतात आणि त्याच्या ताब्यातल्या वस्तूला अमानत.

कायद्याचा हक्क आणि हिशेबाचा प्रश्न

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. इस्लामी फिकहने साठवलेल्या पाण्यावर साठवणाऱ्याचा हक्क नाकारलेला नाही. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत, अशी हदीस आहे (अबू दाऊद, इब्ने माजा). परंतु नदीतून घागर भरून घरी आणली की त्या घागरीतले पाणी आणणाऱ्याचे होते, जशी रानातून तोडून आणलेली लाकडाची मोळी तोडणाऱ्याची होते, असे फिकहच्या विद्वानांनी स्पष्ट केले. त्यात त्याचा श्रम मिसळलेला असतो. पावसाचे पाणी धरण्याच्या हेतूनेच बांधलेल्या टाकीतले पाणीही याच वर्गात जमा होते. हनफी फुकहांनी पाण्याचे दोन हक्क वेगळे मानले. एक पिण्याचा, म्हणजे हक्क-ए-शफा, ज्यात माणूस आणि जनावर दोघेही येतात. दुसरा सिंचनाचा, म्हणजे हक्क-ए-शिर्ब. खाजगी विहिरीवरही तहानलेल्याचा पहिला हक्क त्यांनी कायम ठेवला, शेत भिजवण्याचा मात्र ठेवला नाही. आणि भांड्यात भरून ठेवलेले पाणी मालकाचे असले तरी तहानेने ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला ते नाकारता येत नाही, हेही त्यांनी नमूद केले.

या दोन शब्दांत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ओठांचा हक्क आधी, मुळांचा नंतर.

उरलेले निम्मे उत्तर कायद्यात सापडत नाही. कायदा एवढेच सांगतो की शेजाऱ्याने कुलूप तोडून तुमचे पाणी नेऊ नये. तुम्ही कुलूप कधी उघडावे, हे तो सांगत नाही. ते सांगणारी गोष्ट आहे आखिरतचा हिशेब. सूरह अत-तकासुरच्या अखेरीस म्हटले आहे की त्या दिवशी तुम्हाला देणग्यांविषयी विचारले जाईल. एकदा प्रेषित (स.), ह. अबू बक्र (रजि.) आणि ह. उमर (रजि.) भुकेल्या अवस्थेत एका अन्सारी सहाबींच्या घरी गेले. त्यांनी खजूर, मांस आणि गार पाणी पुढे ठेवले. तृप्त झाल्यावर प्रेषितांनी सोबत्यांना सांगितले की या देणगीबद्दलही तुम्हाला विचारले जाईल (मुस्लिम). भुकेने बाहेर पडलेल्यांनी एकदा पोटभर खाल्ले आणि गार पाणी प्याले, त्याचाही जर हिशेब असेल, तर सव्वीस हजार लिटरांचा नसेल काय?

याहून अधिक हलवून टाकणारी एक हदीस आहे. गरजेपेक्षा अधिक पाणी असूनही ज्याने ते वाटसरूला नाकारले, त्या माणसाकडे कयामतच्या दिवशी अल्लाह पाहणार नाही. त्याला सांगितले जाईल की, जे तुझ्या हातांनी घडवलेले नव्हते त्यातले उरलेले तू रोखून धरलेस, म्हणून आज मी माझी कृपा तुझ्यापासून रोखून धरतो, असा तिचा आशय आहे (बुखारी). टाकी माझ्या हातांनी घडवली, पाइप मी बसवला, हे सारे खरे. पण पाणी माझ्या हातांनी घडवलेले नाही. ‘छप्पर माझे, म्हणून पाणी माझे’ हा युक्तिवाद नेमका इथे कोसळतो.

पन्हळीच्या तीन आठवणी

छप्पर, पन्हळ आणि साठवण यांचा आपल्या दीनच्या इतिहासाशी असलेला संबंध आपल्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्यक्ष काबागृहाच्या छपराला पन्हळ आहे. कुरैशांनी काबाची फेरबांधणी करून त्यावर छप्पर घातले तेव्हा ती बसवली गेली, असे इतिहासकार सांगतात. तिला मीजाब-ए-रहमत म्हणतात, म्हणजे कृपेची पन्हळ. मक्केत पाऊस पडतो तेव्हा काबाच्या छपरावरचे पाणी या पन्हळीतून हतीमच्या आवारात पडते आणि तिथे असलेले भाविक त्याखाली उभे राहतात. तिथे कोणी कोणाला विचारत नाही की हे पाणी कोणत्या देशाच्या माणसाचे. पाऊस आला की प्रेषित (स.) अंगावरचे वस्त्र थोडे बाजूला सारून थेंब अंगावर घेत, कारण तो नुकताच आपल्या पालनकर्त्याकडून आलेला आहे (मुस्लिम). पावसाकडे पाहण्याची ही दृष्टी ज्याला लाभली, तो त्याच्यावर मालकी सांगण्याआधी थोडा थबकेल.

दुसरी आठवण मदीनेची. प्रेषितांचे काका ह. अब्बास (रजि.) यांच्या घराची पन्हळ मशिदीकडे जाणाऱ्या वाटेवर होती. एका शुक्रवारी ह. उमर (रजि.) स्वच्छ कपडे घालून निघाले असता वरून रक्तमिश्रित पाणी त्यांच्या अंगावर पडले, कारण घरात कोंबड्या कापल्या होत्या. खलीफांनी पन्हळ काढण्याचा हुकूम दिला आणि कपडे बदलून नमाज पढवली. नंतर ह. अब्बास यांनी सांगितले की ती पन्हळ त्या जागी स्वतः प्रेषितांनी बसवली होती. हे ऐकताच ह. उमर यांनी त्यांना शपथ घालून विनवले की माझ्या पाठीवर चढा आणि ती होती तिथेच पुन्हा बसवा (मुसनद अहमद). या प्रसंगात खलीफांना आधी वाटेने जाणाऱ्यांना होणारा त्रास दिसला, आणि आपण एका घराचा हक्क डावलला हे कळताच त्यांनी पाठ वाकवली. आपल्या गल्लीत पन्हळीच्या धारेवरून, वळचणीच्या हातभर जागेवरून भावाभावांत अबोला धरला जातो. तिथे पाठ वाकवणारा मोठा ठरतो, हे या प्रसंगातून शिकावे.

तिसरी आठवण जमजमची. ओसाड दरीत तान्ह्या बाळासाठी पाणी शोधणाऱ्या ह. हाजरा (अलै.) यांच्यासमोर झरा फुटला, तेव्हा त्यांनी हाताने माती ओढून त्याभोवती आळे केले आणि पखाल भरून घेतली. त्या माउलीवर अल्लाहची कृपा असो, तिने तो तसाच सोडला असता तर जमजम वाहता झरा झाला असता, असे प्रेषितांनी म्हटल्याचे ह. इब्ने अब्बास (रजि.) सांगतात (बुखारी). या उद्गारात दोष देणे नाही, ममता आहे. तहानेने तडफडणाऱ्या लेकराची आई पाणी अडवणार नाही तर काय करील? पुढे जुरहुम टोळीच्या लोकांनी तिथे वस्ती करण्याची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली, मात्र पाण्यावर मालकी सांगू नये अशी अट घातली, आणि ती मान्य झाली. म्हणजे एका एकाकी स्त्रीने पाणी राखले, पण लोकांना त्यापासून तोडले नाही. त्या एका निर्णयातून मक्का वसली.

बीडच्या खजिन्याची शिकवण

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. बीड शहराबाहेर एक प्राचीन विहीर आहे. तिचे नावच खजाना विहीर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधवली आणि तिची रचना राजा भास्कर या स्थापत्यकाराने केली, असे सांगितले जाते. तिच्यातून जमिनीखालच्या बोगद्याने निघणारे पाणी केवळ उताराच्या जोरावर दूरवरच्या शेतांना आणि बागांना पोहोचवण्यात आले.

या नावाचा विचार करावा. कुरआन सांगतो, तुम्ही पाण्याचे खजिनदार नाही. आणि आपल्या पूर्वजांनी एका विहिरीला खजाना म्हटले. यात विसंगती आहे काय? मला तशी वाटत नाही. निजामशाही संपली, जहागीर गेली, बांधवणारा गेला, बांधणाराही गेला. जहागीरदाराचा सोन्यानाण्याचा खजिना आज कुठे आहे, हे कोणी सांगू शकत नाही. शेतापर्यंत वाहून गेलेल्या पाण्याचे नाव मात्र लोकांनी चार शतकांहून अधिक काळ तोंडी ठेवले. ज्या खजिन्याला दार ठेवले तो लोपला, ज्याला बोगदा ठेवला तो उरला. शिवाय तो मुस्लिम जहागीरदार आणि हिंदू स्थापत्यकार यांनी मिळून उभा केला. पाणी कोणाच्या शेतात जाईल हे त्या बोगद्याने धर्म विचारून ठरवले नाही. आपल्या टाकीनेही ठरवू नये.

बाग की हंडा?

आता दारात उभ्या असलेल्या त्या बाईकडे वळू. वर सांगितलेले सारे लक्षात घेता पहिले उत्तर सरळ आहे. पिण्यासाठी हंडा मागणाऱ्याला रिकामे परत पाठवता येणार नाही. अर्थात छपरावरचे पाणी पिण्यासाठी देताना ते गाळून, उकळून प्यावे हेही सांगावे. घाण पाणी देऊन पुण्य मिळत नाही.

परंतु म्हणून बाग ही चैन आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून पक्ष्याने, माणसाने किंवा जनावराने काही खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते (बुखारी, मुस्लिम). घरामागचा शेवगा गल्लीतल्या चार घरांना शेंगा देतो. लिंबू शेजारच्या आजाऱ्याच्या सरबतात जातो. सीताफळावर पहाटे पोपट येतात. हे सारे सदक्यातच मोडते. मग झाडाचे काय करावे? क्रम लावावा. आधी माणसाची तहान, मग जनावरांची आणि पाखरांची, मग झाडाचा जीव राखण्यापुरते पाणी, त्यानंतर फळाफुलांची हौस, आणि सर्वांत शेवटी अंगण आणि गाडी धुणे. वैशाखात लिंबाच्या आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले, भाजी-भांडी धुतलेले पाणी त्याला दिले, तर झाड तगते. फळ यंदा गळेल, झाड राहील. हंडा मात्र पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो अगदीच खोटा नाही. आम्ही काटकसर करून टाकी बांधली, ज्यांनी बांधली नाही त्यांना आम्ही का पुरवावे? त्यांच्या आळसाला हे बक्षीस नाही काय? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिले असे की प्रत्येकाला छप्पर नसते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालकाच्या स्लॅबवर पाइप लावता येत नाही. ज्याच्या झोपडीवर पालापाचोळा आणि फाटकी ताडपत्री आहे, त्याच्या छपरावरून काय गोळा होणार? आपल्या भागातली हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, नेमके विहिरी आटण्याच्या वेळेला. त्यांच्या रिकाम्या रांजणाला आळस म्हणण्याआधी आपण फडावरचा एक दिवस आठवावा. दुसरे असे की इस्लाम सर्वस्व देऊन टाकायला सांगत नाही. काय खर्च करावे असे विचारले गेले, तेव्हा गरजेहून जे अधिक असेल ते, असे उत्तर आले (२:२१९). आपल्या लेकरांची तहान राखून उरलेले द्यावे. प्रश्न एवढाच की ‘उरलेले’ कोठून सुरू होते हे ठरवताना आपण मोगऱ्याला लेकरांत मोजत तर नाही ना?

जमिनीखालचा शेजारी

या विषयाची एक बाजू अजून राहिली आहे, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. छपरावरचे पाणी बागेला देणारा माणूस शेजाऱ्याला एक असे काही देतो, जे त्याला स्वतःलाही दिसत नाही.

परसबागेला पाणी लागतेच. ते छपरावरून आले नाही तर बोअरवेलमधून येते. बोअर माझ्या कुंपणात असते, पण त्याचे पाणी कुंपण ओळखत नाही. मी पाचशे फुटांवर गेलो की शेजाऱ्याचे दोनशे फुटांवरचे बोअर कोरडे पडू शकते, आणि गावच्या आडाचा तळ दिसू लागतो. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमाने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हक्काशी बांधले. इंग्रजांच्या त्या विचाराने आपल्या मनात इतके घर केले आहे की, शेजाऱ्याचे पाणी ओढताना आपल्याला चोरी केल्यासारखे वाटत नाही. परंतु कोणाला नुकसान पोहोचवू नये आणि नुकसानीचा बदला नुकसानीने घेऊ नये, हा शरीअतचा मूलभूत नियम जमिनीच्या वर लागू असून खाली लागू नाही, असे कोणी म्हटले आहे?

मदीनेत पाटाच्या पाण्यावरून ह. जुबैर (रजि.) आणि एका अन्सारीमध्ये वाद झाला, तेव्हा प्रेषितांनी आधी सांगितले की जुबैर, तू आपल्या झाडांना पाणी दे आणि मग ते शेजाऱ्याकडे सोड (बुखारी, मुस्लिम). वरच्या शेताचा हक्क मान्य झाला, पण पुढे सोडण्याची जबाबदारीही त्याच वाक्यात आली. आपण आज त्या पाटाच्या वरच्या टोकाला आहोत. छपरावरून जे मिळाले ते आपल्या झाडांना घालावे, टाकी भरून उरलेले शोषखड्ड्यातून किंवा कोरड्या बोअरमधून जमिनीला परत द्यावे, आणि जमिनीखालचे पाणी पिण्यासाठी सर्वांना राहू द्यावे. बागेसाठी यापेक्षा निर्मळ पाणी दुसरे नाही, कारण त्याच्यामागे कोणाच्या रिकाम्या हंड्याची हाय नाही. आढ्याचे पाणी वळचणीला येते. वळचणीचे जमिनीत गेले तर ते साऱ्या गल्लीच्या विहिरीला मिळते.

घरापासून मशिदीपर्यंत

या विचाराला आचरणाची जोड द्यावी. टाकी बांधताना घरातल्या स्त्रियांचा सल्ला घ्यावा, कारण पाण्याचा हिशेब त्यांच्या डोक्यावरून आणि कमरेवरून जातो. पावसाळ्यापूर्वी छप्पर झाडून घ्यावे, पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पाइपाच्या तोंडाशी खडी आणि वाळूचा गाळणीथर ठेवावा, टाकी झाकलेली असावी म्हणजे डास होणार नाहीत. टाकीवर एक खूण करावी. त्या खुणेखाली पाणी गेले की बागेचा पाइप बंद, उरलेले पाणी माणसांचे. ही खूण जूनमध्येच, मन उदार असताना करावी. वैशाखात मन आकसलेले असते.

मशिदीचे छप्पर गावातल्या मोठ्या छपरांपैकी एक असते. प्रेषित (स.) एक मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वजू करीत आणि एक साअ म्हणजे चार मुद्द पाण्यात गुस्ल करीत (बुखारी, मुस्लिम). आपल्या वजूखान्यात नळ उघडा ठेवून एकेक माणूस बादलीभर पाणी वाहू देतो, आणि तेही अल्लाहच्या इबादतीच्या नावाखाली. मशिदीच्या स्लॅबचे पाणी धरून त्यावर आवारातली झाडे जगवता येतील, वजूचे पाणीही त्यांच्या मुळाशी सोडता येईल. त्या टाकीला रस्त्याच्या बाजूने एक तोटी ठेवावी आणि ती सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या माणसांसाठी असावी. ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी माणसांना तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे अशी तोटी हीच एक दावत आहे. ह. सअद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईसाठी सर्वोत्तम सदका कोणता असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी उत्तर दिले, पाणी. मग त्यांनी आईच्या नावाने विहीर खोदली (अबू दाऊद). आपल्यापैकी किती जणांच्या आया हंडे वाहून वाहून गेल्या! त्यांच्या नावाने विहीर खोदणे सर्वांना जमणार नाही. एक पाइप आणि एक टाकी बहुतेकांना जमेल.

येत्या मृगात पागोळ्या गळू लागतील तेव्हा भांडी जरूर मांडावीत, टाकी जरूर भरावी, झाडांना जरूर पाजावे. फक्त झाकण लावताना क्षणभर आठवावे की किल्ली आपल्याकडे आहे, खजिना नाही.

हे अल्लाह, आम्हाला लाभदायक पाऊस दे, त्याला राखण्याची अक्कल दे आणि राखलेले वाटण्याचे काळीज दे. आमच्या दारातून कोणताही हंडा रिकामा जाऊ देऊ नकोस. आमीन.